आईच्या आवाजातली जाहिरात

आधीच सांगून टाकते, त्याला आमच्या घरी मीच आणलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं निम्मं पाप माझ्या माथी, आणि आई ते मला अजून विसरू देत नाही.

कॉलेजात तो माझ्या एक वर्ष पुढे होता. एकांकिका स्पर्धेत त्याच्या वाट्याला कोळणीचं काम आलं होतं. तालमीत तो अशी कोळीण करायचा की बघवेना. शाळेतल्या बाई तास संपवून मासे विकायला बसल्यात, असं वाटायचं. शेवटी मी म्हटलं, "अरे, माझी आई अंधेरीच्या बाजारात बसते. एकदा येऊन बघ, मग कर काय ते." तो आला तो पंधरा दिवस येतच राहिला. सकाळी आईच्या शेजारी उलट्या टोपलीवर बसायचा, दुपारी आमच्याकडे भात आणि तळलेले बोंबील हाणायचा. आईने त्याला कल्ले उचलून ताजा मासा ओळखायला शिकवलं. हात माशांचे असल्यामुळे कपाळावरची बट ती मनगटाच्या पाठीने मागे सारते, ते तिने न शिकवताच त्याने उचललं.

आणि तिचं बोलणंही उचललं. आईची एक ठरलेली फैर आहे. गिऱ्हाईक पापलेटाकडे नाक मुरडून बघायला लागलं की ही म्हणणार, "डोळे बघ गो त्याचे! तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत तरी एवढी चमक हाय काय?" बाई हसली की सौदा झाला. बिल्डिंगमधल्या बायका वर्षानुवर्षं निम्म्या मासे घ्यायला आणि निम्म्या ही बोलणी खायला येतात. आमच्या बाजारात कोळीण शिव्या घालत नसेल तर लोकांना मासा शिळा वाटतो.

त्याला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. मग तो सुटलाच. टीव्हीवर एकाच कार्यक्रमात आजोबा, चोर, नगरसेवक आणि नवी नवरी, सगळं तोच. एका सिनेमात त्याने बापाचं काम केलं तेव्हा आमचा अख्खा कोळीवाडा डोळे पुसत बाहेर आला. आई बाजारात सांगत सुटायची, "माझा चेला हाय तो. माझ्या हातचे बोंबील खाऊन मोठा झालाय."

मग तो जाहिराती करायला लागला. आधी गुडघ्याचं तेल, मग संडास साफ करायचं औषध, मग विरारच्याही पुढचे फ्लॅट. आईच्या शेजारी सुकट विकणारी काकी म्हणायची, "पैसे दिले तर हा शेणाची पण जाहिरात करील, आणि गोड लागतं म्हणून सांगील." रिक्षावाले त्याची बाजू घ्यायचे. म्हणायचे, उद्या पडद्यावरून हाकलला तर काय खाणार बिचारा? मी पण त्याच्या बाजूने भांडायचे. आई तर ते तेल आणून गुडघ्याला चोळत होती. गुण काही आला नाही, पण बाटली तिने संपवली.

आणि मग एका संध्याकाळी मालिकेच्या मध्येच ती जाहिरात लागली.

फोनवर बटण दाबा, कापलेला धुतलेला मासा घरी, असा एका कंपनीचा धंदा. जाहिरातीत कोळीण तोच, गिऱ्हाईक बाई तोच, बाईचा नवराही तोच, आणि आता खोटं कशाला बोलू, मांजरसुद्धा तोच आणि मांजर तर झकास केलं होतं. कोळीण गिऱ्हाइकाच्या अंगावर ओरडत होती. मनगटाने बट मागे सारत होती. आणि ओरडत काय होती? "डोळे बघ गो त्याचे! तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत तरी..." बाई घाबरून रडकुंडीला येते, मग तो सुटाबुटात येऊन हात जोडतो आणि सांगतो, "बाजाराची कटकट हवीच कशाला?"

मी हसले. खरंच सांगते, पहिल्या झटक्याला मी खोखो हसले. मग आईकडे बघितलं. तिचा घास हातातच राहिला होता. "माझाच आवाज," ती म्हणाली, "आणि माझ्याच पोटावर."

दुसऱ्या दिवसापासून बाजारात तमाशा. येणारा-जाणारा फोन पुढे करून म्हणायचा, "मावशी, ते नवऱ्याचं बोला ना!" तिने तोंड उघडलं की लोक हसायचे आणि मासा न घेताच पुढे जायचे. वीस वर्षं दर रविवारी येणाऱ्या एक रिटायर्ड मास्तरीणबाई दिसेनाशा झाल्या. एकदा समोरून जाताना त्यांनी पदर असा काही ओढून घेतला की जणू आईची उधारी थकली होती. आईने हाक मारली नाही. तिने हाका मारायचंच सोडून दिलं. काय मागाल त्याचा भाव हळू आवाजात सांगायची, आणि मान खाली घालून मासा कापायची. टोपलीतली निम्मी मांदेली तशीच घरी परत यायला लागली. घरीसुद्धा ती माझ्यावर ओरडेना. कोळणीचा आवाज गेला तर राहिलं काय? मी त्याला फोन केले, मेसेज केले. उत्तर नाही. साहेब शूटिंगला.

तीन-चार आठवड्यांनी, रविवारी सकाळी मी आईबरोबर बसले होते. टोपी, काळा चष्मा, मास्क असा एक माणूस पुढे आला. काही न बोलता वाकला आणि अंगठ्याने पापलेटाचा कल्ला उचलून बघितला. उचलण्याची ती तऱ्हा मी कुठेही ओळखली असती. आईनेही ओळखली.

"काय रे," ती म्हणाली, "बटणावर नाय मिळाला काय?"

काकी एवढ्या जोरात हसली की चार टोपल्या पलीकडच्या बायका उठून आल्या. आता लपण्यात अर्थ नव्हता. त्याने मास्क काढला, आणि बाजार तुटून पडला. सेल्फी, आरडाओरडा, "सर, एक डायलॉग!" बघा हं लोकांची गंमत, कालपर्यंत त्याला शिव्या देणाऱ्या बाया सगळ्यांत पुढे. काकीने तर पदर नीट करून त्याच्या खांद्यावर हात टाकला. आणि हा गडी रंगात आला. आईच्या समोर, आईच्याच आवाजात, "डोळे बघ गो त्याचे!" टाळ्या. माझं डोकं असं फिरलं की हातात कोयता नव्हता ते बरं.

आईने मात्र कोयता खाली ठेवला. पदराने हात पुसले आणि ती उभी राहिली. मग तिने खांदे पाडले, मान जराशी वाकडी केली, नाक ओढलं आणि एकदम बारीक आवाजात म्हणाली, "मावशी, अजून एक बोंबील मिळेल? नाही, भूक नाहीये तशी. भाताबरोबर आपला एक. बरं, दोन."

मी थक्क झाले. तोच तो. एकोणीस वर्षांचा, बाह्या खाली ओढलेल्या शर्टातला, ताटाकडे न बघता ताट संपवणारा. ती चालून दाखवायला लागली, तोच पाय घासत चालणारा तो. "मावशी, मला जमेल ना हो? नाही जमलं तर बाबा दुकानात बसवतील." बाजार लोळायचा बाकी होता. एका बाईच्या हातून कोलंबीची पिशवी सुटली. तो पण हसत होता, आधी मोठ्याने, मग नुसता ओठांनी, आणि मग तेही थांबलं.

आईनेही थांबवलं. स्वतःच्या आवाजात म्हणाली, "बघ, तुझा आवाज मला पण काढता येतो. मग करू मी जाहिरात? सांगू लोकांना, त्याचा कार्यक्रम बघू नका, हसवायला मी बसलेय बाजारात, फुकटात?"

तो तिच्या पुढ्यात उकिडवा बसला, पूर्वी बसायचा तसा, आणि तिच्या कानाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही. आईने मात्र सगळ्या बाजाराला ऐकवलं.

"माफी मागतोय! चूक टीव्हीवर, गावभर, आणि माफी माझ्या कानात? वा रे वा! ऊठ. मागचं गिऱ्हाईक खोळंबलंय."

तो उठला. त्याच्या मागे, गर्दीत अंग चोरून, मास्तरीणबाई उभ्या होत्या. आईने त्यांच्याकडे बघितलं, मनगटाने बट मागे सारली आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडली, "आणि तू गो? महिनाभर कुठं मेली होतीस?"