उमाजीच्या उशाचा कंदील

अनसूयाबाईंना मुरारमध्ये सगळे 'दिवेवाली बाई' म्हणत, आणि त्यांना ते नाव मुळीच सोसत नसे. ते दिलं होतं एका गोऱ्या डॉक्टरने, १९१७ साली, लढाईतून जखमी होऊन आलेल्या शिपायांच्या इस्पितळात. विलायतेत म्हणे एक थोर नर्स होऊन गेली. रात्री दिवा घेऊन जखमींमध्ये हिंडायची, म्हणून ती 'लेडी विथ द लॅम्प'. आमच्या बाईही त्या इस्पितळात नर्स होत्या आणि रात्री कंदील घेऊन फिरत. डॉक्टर खूश, वर्तमानपत्रात फोटो. कौतुक करणाऱ्यांचं काय जातं!

वॉर्डातल्या मराठी शिपायांना मात्र त्या कंदिलाची धडकी भरे. बाई तो सगळ्यात अत्यवस्थ माणसाच्या उशाशी स्टुलावर ठेवत, लांबूनही त्याच्यावर नजर राहावी म्हणून. असे रोगी बहुतेक जगत नसत. आणि आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या जागी दिवा लावतात. शिपायांनी दोन्हींची सांगड घातली. बाईंचा दिवा आला, म्हणजे बोलावणं आलं.

उमाजी नावाच्या शिपायाची मांडी फाटली होती. कंदील उशाशी आला तसा तो हमसून रडू लागला.

"ताई, मी अजून जिवंत आहे ना. दिवा हटवा."

टाके ताजे आहेत, रक्त सुटलं तर अंधारात दिसायचं नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण त्याचं रडणं बघवेना. त्यांनी कंदील उचलून दुसऱ्या टोकाला नेला. उमाजी शांत झोपला. पहाटे पाहतात तो गादी रक्ताने थबथबलेली. त्याने हाकही मारली नव्हती.

बाईंना कुणी बोल लावला नाही, हेच वाईट झालं. पुढे कुणी कौतुकाने 'दिवेवाली' म्हटलं की त्यांच्या कानात तोच आवाज येई, दिवा हटवा. घरी दिवेलागणीला वात लावताना मागे कुणी उभं असल्यासारख्या त्या वळून पाहत.

१९४६ साली त्या स्वतः अंथरुणाला खिळल्या. भाची शरयू कंदील उशाशी ठेवून बसली होती. बाई म्हणाल्या, "तो ने. उमाजी अंधारात गेला. मीही तशीच जाईन."

शरयूला सगळी हकीकत ठाऊक होती. मावशीचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. बाईंनी पुन्हा विनवलं, रडल्यासुद्धा. शरयूने वात थोडी मोठी केली आणि कंदील तिथेच ठेवला.