चुन्याच्या पट्टीवरची निवड

आमच्या तालमीचे अध्यक्ष शर्यतीच्या बैलांचे दर्दी. खूर आणि छाती बघून बैल कसा पळेल ते सांगतात, आणि बरोबर सांगतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की तालमीच्या फुटबॉल टीमसाठी माणसंही ते तशीच निवडायला लागले.

मी चौथी नापास. पण बचावात मी उभा असताना मला चुकवून बॉल नेणारा मंगळवार पेठेत जन्मला नव्हता. हे मी नाही, लोक म्हणतात. लोक विसरले तर मी आठवण करून देतो.

गेल्या हंगामाआधी अध्यक्षांनी निवड ठेवली. माझा पुतण्या कागलच्या एमआयडीसीत पहिली पाळी करून थेट मैदानावर आला. तिशी ओलांडलेला गडी. तालमीनं त्या हंगामाला नाव नोंदवलं नाही, तर या वयात दुसरं कोण घेणार? त्याचा खेळच संपणार होता. ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मैदानात चुन्याची लांबलचक सरळ पट्टी मारलेली. अध्यक्षांच्या हातात शर्यतीचं घड्याळ.

"बॉल कुठाय?" मी विचारलं.

"बॉल नंतर, काका. आधी पळ बघतो."

"बैल न्हाईत ती."

"बैल असती तर एवढा तरास नव्हता."

कबनूरचा एक यंत्रमागावरचा पोरगा असा सुटला, की अध्यक्ष घड्याळ दाबायचंच विसरले. मग त्यांनी त्याच्या पोटऱ्या चाचपल्या. दात बघितले नाहीत, एवढीच मेहरबानी. पुतण्या सगळ्यात शेवटी आला, वाटेत काही पडलंय का बघत आल्यासारखा.

"ह्येला ठेवून काय करू?" अध्यक्ष म्हणाले. "बॉलपतोर पोचायला हंगाम संपंल."

मग मी त्या पट्टीवर मांडी घालून बसलो.

"काका, उठा की. पोरांस्नी पळायचं हाय."

"माझ्यावरनं उड्या मारून पळू देत. पुतण्याचं नाव नोंदवल्याबिगर उठत न्हाय."

ऊन उतरलं. चहा आला, तो मी पट्टीवरच घेतला. शेवटी अध्यक्ष वैतागले. "नोंदवतो! पण बाकावर बसंल."

"बसण्यात आमचं घराणं पटाईत हाय," मी म्हणालो आणि उठलो. गुडघ्यांनी जरा वेळ घेतला.

पहिल्याच सामन्यात कबनूरचा पोरगा बेफाम पळाला. बॉल मागं, हा पुढं. गोलच्या मागच्या जाळीला हात लावूनच परत यायचा. लाईनमनचा ऑफसाईडचा झेंडा खाली येईना. गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "अध्यक्ष, कासरा लावा त्येला!"

उत्तरार्धात नाइलाजानं पुतण्याला उतरवलं. त्यानं पोराला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. काय ते मला नंतर कळलं: "मी मान वर केली की सुट. तवर हुभा ऱ्हा." पोरगा शाळेत शिक्षा झाल्यागत उभा राहिला. पुतण्यानं रमतगमत बॉल घेतला, मान वर केली, आणि दोन बचावपटूंच्या मधून असा सोडला, की पोराला नुसतं पळायचं काम उरलं. गोल! तेवढ्यावर सामना जिंकलो.

पेठेत पोरगा खांद्यावर, गुलालानं लाल. पुतण्या मागून चालत, खिशात गाडीची किल्ली शोधत.

"बघितलंसा का, काका? पळाला म्हणून गोल झाला," अध्यक्ष म्हणाले.

"थांबला म्हणून झाला."

हा वाद अजून चालू आहे.

यंदा निवडीच्या आदल्या दिवशी अध्यक्ष स्वतः घरी आले आणि पुतण्याची जर्सी माझ्या मांडीवर ठेवली. "नाव नोंदवलंय. आता उद्या मैदानावर यायचं काय कारण न्हाय तुमाला."

मी अर्थातच गेलो. पट्टी होतीच. या खेपेला मात्र दुसऱ्या टोकाला बॉल ठेवला होता, आधी कोण पोचतो ते बघायला.

"सुधारणा केलीया, काका," अध्यक्ष लांबूनच ओरडले.

मी पट्टीवर एक चांगली सावलीची जागा बघितली आणि चहा सांगितला.