चपला बाहेर, ‘शे’ बाहेर

“चपला बाहेर, ‘शे’ बाहेर!”

वर्गाच्या दारात उभ्या राहून बाई रोज हे म्हणत. चपला आम्ही काढायचो. आमच्या बोलीतला ‘शे’ काही निघायचा नाही. कुणी वाचलं, “कमळ लाल शे,” की बाई हातातला खडू स्वतःच्याच ओठांवर आडवा धरत. वाचणाऱ्याने काय ते समजायचं आणि “कमळ लाल आहे” म्हणायचं. वर्ग सुटेपर्यंत बाईंच्या ओठांवर पांढरी रेघ उमटलेली असे. त्या बाजारातून घरी निघाल्या की भाजीवाल्या ती रेघ बघून एकमेकींना सांगत, आज ‘शे’ फार झाले.

मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायची मोहीम तेव्हा निघाली होती. बाई अमळनेरच्या एका शाळेत शिकवत आणि शाळा सुटल्यावर त्याच वर्गात आम्हाला घेत. हमाल, भाजीवाल्या, दोन-तीन गवळणी आणि मी. शेवटी जळगावहून साहेब येणार होते वाचन-लेखनाची परीक्षा घ्यायला.

माझा धंदा जुन्या पोत्यांचा. भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही, आणि राग आला की समोर कोण आहे ते मी बघत नाही. पण एसटी स्टँडवर मी मांजर व्हायचो. गाडीची पाटी वाचता येत नसे. मग मी कंडक्टरला विचारायचो, “आज गर्दी दिसते, धुळ्याला पोचेल ना वेळेवर?” तो म्हणायचा, “धुळं कुठलं, चोपड्याची आहे ही.” वाचता येत नाही हे मी बाजारात कुणाला कळू दिलं नव्हतं.

वर्गात पहिल्यांदा गेलो तोही व्यापारी म्हणून. म्हणालो, “बाई, बसायला तरट लागेल ना? स्वस्तात देतो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याच हातातलं तरट घेऊन जमिनीवर अंथरलं, पुढ्यात पाटी ठेवली आणि म्हणाल्या, “भाऊ, चांगलं आहे का ते बसून दाखवा.”

बसलो. तो बसलोच. एका भाजीवाल्या अक्काने मला सगळ्यांसमोर पुस्तक दिलं, “तू वाची दखाड रे भाऊ,” तेव्हा माझ्या आधी बाईच बोलल्या, “भाऊंचा चष्मा घरी राहिलाय.” मला चष्मा नव्हताच. त्या दिवसापासून माझा चष्मा रोज घरी राहू लागला.

मी त्यांच्याशीही घासाघीस करायचो. “बाई, दोन ‘आहे’ घ्या, एक ‘शे’ चालवून घ्या.”

“इथं एकच भाव, भाऊ.”

अक्का म्हणायची, “बाई, मी म्हशीले ‘आहे’ म्हनसू तं ती दूध देवाव नही!” वर्ग हसायचा. बाई हसायच्या नाहीत. खडू ओठांवर जायचा. त्यांच्या घरात मात्र आमच्यापैकी कुणी कधी आतपर्यंत गेलं नाही. आई आजारी असते म्हणायच्या. पुढच्या खोलीतूनच माणूस परत यायचा, आतलं दार लावलेलं असायचं.

परीक्षेला बसायचं म्हणजे वाचता येत नव्हतं हे गावाला कबूल करणं. मी हो-नाही करत राहिलो. बाई म्हणाल्या, “एक दिवस लाज, मग जन्मभर नाही.” हा सौदा मला पटला. बसलो.

वाचन चांगलं झालं. एकही ‘शे’ आला नाही. मग साहेबांनी सांगितलं, आईबद्दल लिहा. सगळ्यांनी पाठ केलेलं लिहिलं, माझी आई चांगली आहे. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. तोंडाने मी हवं ते बोलू शकतो, धंदाच तो. पण हाताला खोटं लिहायची सवय लागलेली नव्हती. मी कागदावर लिहिलं, “मनी माय आते नही शे.”

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. हसले. “हे कुठलं मराठी? बाई, तुम्हीच सांगा, बरोबर की चूक?”

बाईंच्या हातात खडू नव्हता, तरी बोटं ओठांवर गेली. मग म्हणाल्या, “चूक आहे, साहेब.” आणि साहेबांनी पुढे केलेल्या लाल पेनाने माझ्या आईवर रेघ मारली.

मी पाटी तिथंच आपटून निघालो. अक्का पास झाली, हमाल पास झाले. पोत्यांचा व्यापारी नापास झाल्याची गोष्ट बाजारभर चघळली गेली. साहेब परका होता. पण बाईंना एवढं म्हणता आलं असतं की साहेब, इथं असंच बोलतात. मी विसरणारा माणूस नाही. रागारागाने घरीच शिकलो, पेपर वाचू लागलो, आणि बाई समोरून आल्या की रस्ता बदलू लागलो.

पुढे काही वर्षांनी स्टँडवर धुळ्याच्या गाडीची पाटी वाचून उभा होतो. बाकावर बाई बसलेल्या. शेजारी नऊवारीतली म्हातारी, भोवती बोचकी. निवृत्त होऊन बाई आईला घेऊन पिंपळनेरला, आपल्या गावी निघाल्या होत्या. इतकी वर्षं आतल्या दारामागे असलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. खणखणीत.

“वं बेटी, मना पाय सुन्न पडी ग्यात. गाडी कव्हय येई?”

“आई, हळू बोल ना.”

“काबरं हळू? आठे काय कोनी चोरी करेल शे?”

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना मी दिसलो. तो चेहरा मी ओळखला. कंडक्टरशी बोलताना माझा व्हायचा, तोच. वर्षानुवर्षं धार लावून ठेवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं: बाई, ‘शे’ बाहेर!

पण मला तो न आणलेला चष्मा आठवला. मी जवळ जाऊन नमस्कार केला आणि म्हणालो, “बाई, जरा मोठ्याने बोला हं. हल्ली मला ऐकू कमी येतं.”

बाईंचा जीव भांड्यात पडलेला दिसला. त्यांना कळलं होतं. उपकार फिटला, मी मनात म्हणालो. त्यांची बोचकी पिंपळनेरच्या गाडीत चढवून दिली.

गाडी सुटायच्या बेतात होती तेव्हा लक्षात आलं, मी काय केलं ते. म्हातारीचं बोलणं मी ऐकलंच नाही, असं ठरवून टाकलं होतं. म्हणजे ते ऐकू न येण्यासारखंच होतं. रेघ आता मीही मारली होती.

तेवढ्यात म्हातारीने खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या तोंडावरून फिरवला आणि विचारलं, “तू कोना शे रे भाऊ?”

तू कुणाचा, कुणाचा मुलगा. आईचं नाव ओठांपर्यंत आलं. पण म्हातारीच्या मागे बाई बसल्या होत्या, आणि मला ऐकू येत नव्हतं.