साहित्यबाईंचा सहावा रकाना

साहित्यबाईंनी जन्मात कवितेची एक ओळ लिहिली नव्हती. तरी सगळी गल्ली त्यांना साहित्यबाईच म्हणायची, कारण त्या ज्या खोलीत बसत तिच्यावर सेवा क्लबची पाटी होती : ‘रुग्णसाहित्य केंद्र’. पाटीवरचा ‘रुग्ण’ गंजून गेला आणि साहित्य तेवढं शिल्लक राहिलं. एकदा एक गृहस्थ कवितांची जाडजूड वही घेऊन आले. बाईंनी ती उभ्याउभ्या चाळली, परत दिली आणि विचारलं, “दुखतंय कुठं?” गृहस्थ जे गेले ते पुन्हा त्या गल्लीत फिरकले नाहीत.

खोलीतलं साहित्य वेगळंच होतं. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले अकरा वॉकर, कोपऱ्यात उंचीप्रमाणे लावलेल्या कुबड्या, घड्या घातलेल्या चाकांच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, आणि वरच्या फळीवर पालथे घातलेले बेडपॅन. फिनेलचा आणि रबराचा वास बाईंच्या कपड्यांना कायमचा. ज्याला लागेल त्यानं फॉर्म भरायचा, वस्तू फुकट न्यायची आणि काम झालं की पुसून परत आणायची. क्लबचे बाकीचे उपक्रम गाजावाजाचे होते. नेत्रतपासणी काय, रक्तदान काय, शाळेच्या मुलांना दप्तरं काय, सगळीकडे बॅनर आणि एकाच रंगाची जाकिटं. या खोलीत फोटो काढायला कोण येतंय? बेडपॅन हातात धरून हसायचं तरी कसं? म्हणून ही खोली बाईंच्या गळ्यात पडली, आणि खरं सांगायचं तर बाईंनी ती पाडून घेतली.

त्याआधी चौतीस वर्षं त्या वाचनालयाच्या काउंटरवर होत्या. पुस्तक द्यायचं, शिक्का मारायचा, उशिरा आणणाऱ्याकडे चष्म्यावरून बघायचं. त्या बघण्याला कॉलेजातली पोरं टरकायची. लग्नाचं राहूनच गेलं. आधी धाकट्या भावाचं शिक्षण होतं, मग आईचं अंथरूण. भाऊ शिकला तो थेट परदेशी गेला. आई मात्र अकरा वर्षं तिथंच, खिडकीखालच्या खाटेवर. आई गेल्यावर तिची चाकांची खुर्ची परत करायला बाई क्लबात आल्या, तर केंद्रात कुणी नाही आणि वह्यांचा नुसता सावळा गोंधळ. त्या वह्या लावायला बसल्या, त्याला सहा वर्षं झाली. घरी जाऊन करायचं तरी काय होतं? दोन खोल्या, एक ताट, आणि रेडिओवर बातम्या सांगणारा माणूस. तो दिवसभर बोलायचा, पण विचारायचा काही नाही.

फॉर्ममध्ये पूर्वी पाचच रकाने होते. नाव, पत्ता, फोन, आजार, वस्तू. सहावा बाईंनी घातला. झालं असं की एक चाकांची खुर्ची परत येईना. चौकशी केली तेव्हा ती भंगारवाल्याकडे सापडली. नेणारा माणूस केव्हाच वारला होता, कुणालाच पत्ता नव्हता, आणि घरमालकानं खोली रिकामी करताना खुर्चीही विकली होती. माणूस गेला त्याचं कुणाला काही नाही, खुर्ची गेली म्हणून क्लबात मीटिंग झाली. त्या मीटिंगमध्ये बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “फॉर्मवर जवळचा माणूस हवा. नाव, नातं, फोन.” अध्यक्षांना जेवायला जायचं होतं, त्यांनी लगेच मान डोलावली.

तेव्हापासून सहावा रकाना म्हणजे बाईंची लक्ष्मणरेषा. कुणी तिथं उगीच कुठल्या साहेबाचं नाव ठोकलं की त्या पेन खाली ठेवायच्या. “मोठा माणूस नको,” त्या सांगायच्या, “फोन उचलणारा लिहा.” शेकडो लोकांना त्यांनी हे वाक्य ऐकवलं असेल. आपल्याला ते कधी लागू पडेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, तसलाच प्रकार.

एका मंगळवारी एक म्हातारे शिंपी आले. पूर्वी कोट शिवायचे, म्हणून लोक त्यांना कोटवाले म्हणत. घोट्याला प्लास्टर, आणि काठी नव्हती म्हणून हातात छत्री. त्यांनी उभ्यानंच फॉर्म भरला. अक्षर असं की बघत राहावं. पाच रकाने झाले आणि पेन थांबलं.

“इथं कुणाचं लिहू?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या जवळचं जे कुणी असेल त्याचं.”

“मग तुमचंच लिहितो,” कोटवाले म्हणाले. “आत्ता तुम्हीच जवळ आहात.”

बाईंना थट्टा खपत नसे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “मुलगा, सून, भाऊ, पुतण्या?”

“ना आगा, ना पिछा.”

“शेजारी?”

“शेजारीण आहे एक. तिचं नाव मला माहीत नाही, आणि तिला माझं. विचारायचं राहून गेलं, आता वीस वर्षांनी कसं विचारू?”

“मग वॉकर देता येणार नाही. नियम म्हणजे नियम.”

कोटवाल्यांनी भिंतीवरच्या अकरा वॉकरकडे एकदा पाहिलं. भांडले नाहीत, हात जोडले नाहीत. फॉर्म टेबलावर ठेवून छत्री टेकत निघून गेले. बाईंनी तो फॉर्म फाडायला घेतला, पण ते अक्षर फाडवेना. तो वहीत तसाच राहिला. पुढचे काही दिवस वही उघडली की तो समोर यायचा, आणि बाई पान उलटायच्या.

नवव्या दिवशी वरच्या फळीवरचा बेडपॅन काढताना बाई स्टुलावरून पडल्या. खोलीत कुणी नव्हतं. भिंतीला धरून, खुरडत, टेबलापर्यंत जाऊन त्यांनी क्लबच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी गाडी पाठवली, पावलाचा फोटो काढला आणि सांगितलं, “हाडाला बारीक चीर आहे. सहा आठवडे या पायावर भार द्यायचा नाही. वॉकर घ्या. तुम्हाला काय, घरचाच कारभार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गाडीवाल्यानं त्यांना केंद्रात आणून सोडलं. अध्यक्षांचा फोन आला. “बाई, कुठलाही उचला. तुम्हाला कसला आलाय फॉर्म?”

“सगळ्यांना असतो तोच,” बाई म्हणाल्या, आणि फॉर्म पुढ्यात ओढला. नाव, पत्ता, फोन, आजार, वस्तू. पाच रकाने भराभर झाले. सहाव्यापाशी त्यांनी चष्मा पुसला. काचा स्वच्छच होत्या.

भाऊच लिहायचा, दुसरं कोण? डायरीतून नंबर काढून लावला. असा नंबर अस्तित्वात नाही, असं एका मुलीनं अगदी गोड आवाजात सांगितलं. बाईंनी तिलाही “बरं” म्हटलं. नंबर केव्हा बदलला असेल? आईच्या वर्षश्राद्धाला फोन झाला होता. म्हणजे पाच वर्षं. पाच वर्षांत आपणही लावला नाही की, असं त्यांच्या मनात आलं आणि ते त्यांना झोंबलं.

मग भाची. भावाची मुलगी, इथंच नोकरीला. लहानपणी चार महिने बाईंजवळ राहिली होती, बाईंच्या कुशीत झोपल्याशिवाय तिला झोप यायची नाही. दहा वेळा घंटी वाजून फोन बंद झाला. थोड्या वेळानं मोबाईलवर संदेश आला, ‘मीटिंगमध्ये आहे आत्या. सगळं ठीक ना?’ आणि बाईंनी उत्तर टाइप करायच्या आत खाली एक उंचावलेला अंगठा. प्रश्नही तिचा आणि उत्तरही तिचंच.

बाईंनी रकान्यात भाचीचं नाव लिहिलं, पुढं नातं लिहिलं, फोन लिहिला. मग बघत बसल्या. हाच फॉर्म दुसऱ्या कुणी आणला असता तर त्यांनी काय म्हटलं असतं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी पट्टी घेतली आणि नावावर सरळ रेघ मारली. त्यांना रडू आलं. पाय दुखतोय म्हणून येतंय अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, पण पाय तेव्हा मुळीच दुखत नव्हता.

उठायचं म्हटलं तर उठता येईना. समोर अकरा वॉकर लटकलेले, आणि आड आलेला नियम आपणच घातलेला. वही हातात होती. ती उघडली तर कोटवाल्यांचा फॉर्म वर आला. तिसऱ्या रकान्यात त्यांचा फोन होता. आपण नेमकं काय विचारणार आहोत हे न ठरवताच बाईंनी तो लावला. माझ्या फॉर्मवर तुमचं नाव लिहू का, असं विचारायचं होतं बहुतेक. ज्याला दारातून परत पाठवलं त्यालाच.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

“मी साहित्य केंद्रातून बोलतेय.”

“वॉकर मिळतोय का?” पलीकडून आवाज आला. त्या आवाजात इतकी आशा होती की बाई भिंतीवरच्या वॉकरांकडे बघत राहिल्या. कोटवाल्यांना वाटलं फोन ऐकू जात नाही, म्हणून ते मोठ्यानं बोलू लागले. “त्या दिवशी तुमच्याकडून आलो ना बाई, तर जिना चढताना पाय परत मुरगळला. तेव्हापासून खाली उतरलो नाही. दूध आणि पाव शेजारीण दाराशी ठेवते. तक्रार नाही हो, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.”

बाईंनी काहीच विचारलं नव्हतं. “पत्ता तोच ना?” एवढंच त्या म्हणाल्या.

गाडीवाला पुन्हा आला. “मावशी, दोन कशाला? पाय एकच मोडलाय ना?” बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघायचा प्रयत्न केला, पण आज ते बघणं काही जमलं नाही. त्यानं दोन वॉकर खिळ्यांवरून काढून गाडीत टाकले.

कोटवाल्यांची खोली पहिल्या मजल्यावर होती. जिना सरळ, अरुंद, मध्ये वळण नाही. गाडीवाल्यानं एक वॉकर वर नेऊन दिला आणि तो दुसरं भाडं गाठायला निघून गेला. तासाभरात येतो म्हणाला. बाई खालच्या पायरीवर बसल्या, आपला वॉकर समोर धरून. वर दार उघडल्याचा, मग काहीतरी सरपटल्याचा आवाज आला आणि कोटवाले वरच्या पायरीवर येऊन बसले. वर अंधार होता, खालून त्यांची पावलं तेवढी दिसत होती. एक मोज्यात, एक प्लास्टरमध्ये.

“वर या की,” ते म्हणाले.

“येता येत नाही. पाय मोडलाय.”

“मग मीच येतो खाली.”

“खबरदार. वॉकर घेऊन जिना उतरायचा नसतो. पडाल.”

“पडल्यावर तुमच्याकडे एकदम खाटच मिळेल,” कोटवाले म्हणाले. बाई हसल्या. जिन्यात ते हसणं जरा मोठंच वाटलं, म्हणून त्या लगेच गप्प झाल्या.

“माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. चौतीस वर्षं वाचनालयात आणि सहा वर्षं इथं, हे वाक्य त्यांनी लोकांकडून ऐकलं होतं, उच्चारलं कधी नव्हतं. “माझ्या हट्टापायी तुमचे हाल झाले.”

“झाले खरे,” कोटवाले म्हणाले. तुमचा दोष नाही वगैरे काही म्हणाले नाहीत. बाईंना ते बरं वाटलं. मग त्यांनीच विचारलं, “तुमच्या फॉर्मवर कुणाचं नाव घातलंत?”

“कुणाचंच नाही.”

“माझं घाला.”

एवढं सोपं होतं ते. बाईंनी पर्समधून दोन्ही फॉर्म काढले, मांडीवर ठेवले, एकावर एक नाव लिहिलं, दुसऱ्यावर दुसरं. नात्यापाशी पेन अडलं.

“नातं काय लिहू? ओळखीचे म्हणून लिहिते.”

“ओळख कुठाय, बाई?” वरून आवाज आला. त्यात राग नव्हता. “त्या दिवशी तुम्ही मला ‘बसा’सुद्धा म्हणाला नव्हतात.”

हे खरं होतं. बाईंनी ती जागा दोन्ही फॉर्मवर कोरी सोडली आणि पेनाला टोपण घातलं. बाहेर रस्त्यावर गाड्या जात होत्या. वर कोटवाले वॉकरचे खुर एकेक करून फरशीवर आपटून बघत होते.

“हा परत कधी करायचा?” त्यांनी विचारलं.

“सहा आठवड्यांनी.”

“मला तो खाली उतरवता येणार नाही. न्यायला कोण येणार?”

बाईंनी मान वर करून जिना पाहिला. पायऱ्या मोजल्या. अठरा होत्या.

“मी येईन,” त्या म्हणाल्या. “तोवर मला चढता येईल.”

वर वॉकरचे खुर आपटायचे थांबले. मग कोटवाले म्हणाले, “सहा आठवडे फार होतात, बाई.”