केळशीच्या खाडीतला कोरल

दापोलीहून सुटलेल्या एसटीत माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामीच राहिली. इतकी वर्षं खिडकीपाशी हे बसायचे, दुर्बीण गळ्यात अडकवून, आणि मी 'काच लावा, धूळ येतेय' म्हणून त्यांच्या मागे लागायचे. आज खिडकी माझी होती, आणि काच मी उघडीच ठेवली.

पिशवीत यांची पक्ष्यांची वही होती. तिच्यातली शेवटची नोंद केळशीचीच: 'सकाळी सात. पूर्ण ओहोटी. कोरल चिखलातून किडा काढून खाताना पाहिला. उद्या हिला दाखवायचंच. हिला हसू येईल.' कोरल म्हणजे थंडीत परमुलखातून येणारा, खाली वाकलेल्या लांब चोचीचा पक्षी. दुसऱ्या दिवशी यांनी मला उठवलं तेव्हा मी म्हणाले, "चिखलात काय बघायचंय मेलं? झोपू द्या." मग तेही गेले नाहीत. पुढच्याच पावसाळ्यात ते वारले. वही मला पुढे वर्षभराने कपाटात सापडली. किडा खाणाऱ्या पाखरात मला हसू येण्यासारखं काय होतं, हे आता विचारू कुणाला? म्हणून निघाले. तारीखसुद्धा वहीतलीच धरली.

जुबेदाभाभींच्या घरी खोली मिळाली. नवरा कुवेतला, मुली लग्न होऊन मुंब्र्याला, एवढ्या मोठ्या घरात बाई एकटी. त्यांनी पाण्याचा तांब्या आणि पेला आणून ठेवला. मी सवयीने पेला मोरीत नेला आणि विसळला. वळून बघते तर भाभी दारात.

"धुतलेला हाय वो तो," त्या हळूच म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "भाभी, गैरसमज नको. मी सख्ख्या बहिणीच्या घरीही असंच करते. मेथी तीन पाण्यांतून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचे हे म्हणायचे, हिच्या हाती गंगा दिली तर ही आधी गंगाच विसळून घेईल!"

भाभींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ओढणी तोंडाला लावून हसत सुटल्या. "मग ऱ्हावा की. मोरी तुमचीच."

सकाळी त्यांना न विचारताच मी खाडीवर गेले. सात वाजले होते आणि खाडी पाण्याने भरलेली! चिखलाचा पत्ता नाही. शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला, गुडघा फुटला, साडी भिजली. काठावर बसून मी चक्क रडले. विचारायला येणारं कुणी नव्हतं, त्यामुळे पोटभर रडता आलं.

"कुठं गेल्ता वो?" भाभी हळद घेऊन धावल्या.

"कोरल बघायला. सातला ओहोटी असते ना."

"रोज सातला? पानी काय एसटी हाय?" मग स्वतःच म्हणाल्या, "एसटी तरी कुठं टायमावर येते म्हना! ओहोटी चांदावर धरायची बाई, तारखेवर नाय. आज चांदाची आठवी. भांग हाय (भरती आणि ओहोटी दोन्ही लहान असण्याचे दिवस). पानी दुपारी उतरेल, तेपन थोडंच."

म्हणजे तारीख यांचीच होती, पण चंद्र निराळा. माझी परतीची गाडी दीडची होती. भाभींनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे केली. घड्याळ बघतच मी खाल्लं.

दुपारी भाभी कोयती घेऊन तिसऱ्या (शिंपले) काढायला निघाल्या, त्यांच्यामागून मी. पाणी ओसरून काठाला चिखलाचा एक पट्टा उघडा पडला होता. त्यावर जागोजागी कुणी शेवया पाडून ठेवल्यासारखी चिखलाची बारीक वेटोळी.

"हे किड्यांचं काम," भाभी म्हणाल्या. "खाली बिळात असतात. चिखल खातात आनि वर टाकतात. आमची मानसं मासं धरायच्या गरीला लावायला तेच खनून काढतात. धपाधप चालू नका, त्यांना कळतं, खोल जातात. गप उभ्या ऱ्हावा."

उभी राहिले. चिमुकले चिखल्या पक्षी चार पावलं धावत, थबकत, वरवरचं काही टिपत आणि पुन्हा धावत. तुतारी नावाची पाखरं शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच भराभर खालीवर करत होती. कोरल मात्र नव्हता. एक वाजला. दीड वाजला. वरच्या रस्त्याने गाडी गेल्याचा आवाज आला. जाऊ दे, म्हटलं.

"येईल," लांबून भाभी ओरडल्या. "पलीकडचा चिखल आज उघडलाच नाय, तर जाईल कुठं? काठालाच येनार!"

आणि आला. एकटाच, माझ्यापासून वीसेक पावलांवर. त्याने एका शेवईपाशी चोच घातली, ती पार डोळ्यांपर्यंत आत गेली. डोकं जरा फिरवून चाचपलं. मग ओढायला लागला, पण हिसका नाही. किडा ताणला गेला की हा थांबे, थोडा सैल सोडे, पुन्हा ओढे. तुटू न देता त्याने तो वीतभर लांब किडा अख्खा बाहेर काढला. मला वाटलं, आता गिळणार. छे! किडा चोचीत धरून साहेब चालत डबक्यापाशी गेले. त्याने तो पाण्यात बुडवला, हलवला, चिखल झटकला. परत बुडवला. परत हलवला. आणि तिसऱ्यांदा बुडवून मग गिळला.

मी मोठ्याने हसले. "अहो, बघा, तीन पाण्यांतून!" म्हणत डावीकडे वळले.

डावीकडे नुसता चिखल होता.

दुसऱ्या दिवशी भाभी स्टँडवर सोडायला आल्या. म्हणाल्या, "पुढच्या येळी चांद बघून या." एसटीत शेजारची सीट पुन्हा रिकामीच. मला जन्मभर वाटत आलं होतं की हे पाखरं बघायला लागले की मला विसरतात. आणि तिथे चिखलात एकटे उभे असतानाही यांना मीच आठवले होते, माझ्या मेथीसकट. मी वही काढली आणि 'हिला हसू येईल'च्या खाली लिहिलं: 'आलं हो. त्या दिवशी उठायला हवं होतं.'