शेवटच्या बाकाची पणती

आमच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाला एक रीत होती. अजूनही असेल. भाषणं उरकली की एकेका बाकावरची जोडी स्टेजवर बोलवायची. दोघींनी मिळून एक पणती लावायची. एकीने काडी ओढायची, दुसरीने हाताचा आडोसा धरायचा. मग माइकवर एकमेकींबद्दल एकेक वाक्य बोलायचं आणि पुढच्या वर्षी तो बाक ज्या नववीतल्या जोडीला मिळणार, तिच्या हातात पणती द्यायची. याला आम्ही ‘बाक सोपवणं’ म्हणायचो. मुलांचंही तसंच, फक्त ती काडी विझवण्यातच जास्त रमायची. खरी रडारड व्हायची ती इथे. भाषणांना कोण रडतंय?

माझ्या बाकावर मी एकटीच होते.

आम्ही दिघ्याला राहायचो. वडील जवळच्याच कंपनीत कंत्राटावर, आई ऐरोलीत पोळ्या लाटायला जायची. शाळाही ऐरोलीतलीच. मे महिन्यात आम्ही गावी, साताऱ्याकडे जायचो आणि परतायला दरवर्षी उशीर व्हायचा. त्या वर्षी मामाच्या घरावर पत्रे टाकायचे राहिले होते. मी आठवण करून दिली, की शाळा सुरू झाली, माझं दहावीचं वर्ष आहे. वडील म्हणाले, “चार दिस शाळा बुडली म्हणून काय आभाळ कोसळतंय? पुस्तकं पळून चालली का?” पुस्तकं पळून जात नाहीत हे खरंच. पण दहावीत पहिल्या दिवशी ज्याची जी जागा ठरते ती वर्षभर राहते, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. दहावीच्या वर्गात आमच्या घरातलं कोणी कधी बसलंच नव्हतं.

मला तरी कुठे काळजी होती? नववीत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण शाळेजवळ, ऐरोलीच्या सेक्टरमधल्या सोसायटीत राहायची. सुट्टी लागताना तीच म्हणाली होती, “तू टेन्शन नको घेऊ. मी जागा पकडून ठेवते.” मी वर्गात पोचले तेव्हा तिच्या शेजारी दुसरीच मुलगी बसली होती. नवीन आलेली, ठाण्याच्या शाळेतून.

“अगं, एक दिवस मी दप्तर ठेवलं होतं,” मैत्रीण म्हणाली. “मग बाईंनीच हिला बसवलं. मी काय करू?”

ती खोटं बोलत नव्हती. वर्गातल्या मुलींची संख्या विषम होती, एकीला एकटं बसावं लागणारच होतं. खिडकीजवळचा शेवटचा बाक उरला होता. घरी सांगितलं तर आई म्हणाली, “बरंच हाय की. ऐसपैस बस. कुनाचं कोपर लागायचं न्हाई.”

पण कोपरच तर हवं असतं. सर फळ्यावर चुकले, कुणाचा तरी पाय घसरला, प्रार्थनेत कुणाला शिंक आली, की आपोआप माझं कोपर डावीकडे जायचं आणि हवेत अडकायचं. बाई म्हणायच्या, “शेजारणीची वही तपासा.” मी खिडकीबाहेर बघायची. प्रयोगाच्या तासाला मला कुठल्या तरी जोडीत तिसरी म्हणून घालायचे. त्या दोघी प्रयोग करायच्या, मी परीक्षानळी धरायची. सुरुवातीला डबा खायला मी मैत्रिणीच्या बाकावर जायची. दोघींच्या बाकावर तिसरी बसली की एक पाय बाहेरच राहतो. शिवाय त्यांचं काहीतरी आधीच चाललेलं असायचं, आणि मला समजावून सांगेपर्यंत त्यातली मजा निघून जायची. दिवाळीनंतर मी जाणं बंद केलं. ती एकदा म्हणाली, “येत नाहीस हल्ली?” मी म्हटलं, “अभ्यास असतो.” तिने पुन्हा विचारलं नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी बाईंनी मला बोलावून घेतलं. “तू त्या दोघींबरोबर जा स्टेजवर. तिघी मिळून एक पणती लावा.”

मैत्रीण बाजूलाच उभी होती. “ये ना आमच्यात,” ती म्हणाली. “ॲडजस्ट करू.”

मनापासून म्हणत होती, पण तो शब्द मला लागला. मी म्हटलं, “नको बाई. माझा बाक माझा मी सोपवते.”

“आणि वाक्य कुणाबद्दल बोलशील?” बाईंनी विचारलं.

“बघते.”

“फार हट्टी आहेस गं,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आईची लग्नकार्याला नेसायची साडी नेसून मी हॉलमध्ये बसले होते. एकटी जाते म्हटलं तर होतं, आता वर जाऊन करायचं काय? जोड्या जात होत्या, गळ्यात पडत होत्या. माझ्या मैत्रिणीची पाळी आली. नवीन मुलीने आडोसा धरला, हिने पणती लावली आणि माइकवर म्हणाली, “ही नसती तर माझी दहावी झालीच नसती.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सगळ्यात शेवटी माझा बाक. सूत्रसंचालन करणाऱ्या नववीतल्या मुलीने माझं नाव घेतलं आणि पुढचं नाव शोधत कागद उलटा करून बघितला. तेवढ्यात मी वर पोचले. डोक्यावर पंखे गरगरत होते. पहिली काडी ओढली, विझली. दुसरी पणतीपर्यंत नेली, विझली. मागून मुलांमधून आवाज आला, “अरे, लायटर द्या रे तिला!” हॉल हसला. मैत्रीण खुर्चीतून अर्धवट उठलेली मला दिसली. तिचे हात आडोशासाठी पुढे आले होते. मी तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि माइकपाशी गेले.

“जरा पंखे बंद करता का?”

आधी कुणी हललं नाही. मग बाईंनी खूण केली, शिपाईकाकांनी बटणं बंद केली. पंखे कुरकुरत थांबले. अख्खा हॉल माझ्यासाठी घामाघूम होत शांत बसला. पणती लागली. मी म्हणाले, “या बाकावर माझ्या शेजारी कोणी नव्हतं. त्यामुळे कुणाचं नाव कोरलेलं नाही. बाक अगदी नवा आहे, सांभाळून वापरा.” हसले सगळे, पण या वेळचं हसणं मला आवडलं. नववीतल्या दोघींनी पणती घेतली. पंखे पुन्हा सुरू झाले तशा त्या ज्योतीवर हात धरून एकमेकींना बिलगल्या आणि खिदळत खाली गेल्या. माझ्या मागून स्टेज रिकामं झालं.

बाहेर वडापाव वाटत होते. मैत्रीण आली. डोळे रडून सुजलेले, माझ्यासाठी नव्हेत.

“एवढा भाव कशाला खायचा? बोलावलं होतं ना तुला?”

“बोलावलं होतंस,” मी म्हटलं. “जागा नव्हती ठेवलीस.”

ती काहीतरी बोलणार होती. मागून तिला सेल्फीसाठी हाक आली. ती गेली.

पुढे मी घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्या दिवशी एकटीने वर गेले, त्याचाही आहे. पण संध्याकाळी साडीचा घोळ हातात धरून दिघ्याला चालत निघाले तेव्हा मला आपोआप हसू येत होतं. पंखे थांबल्यावर पहिल्या रांगेतले पाहुणे सर निमंत्रणपत्रिकेने वारा घेत होते, आणि प्रत्येक झटक्याला त्यांच्या डोक्यावर आडवे बसवलेले केस उभे राहत होते. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. आईला सांगितलं असतं, तर आधी कोण पाहुणे, कसले पंखे इथून सुरुवात करावी लागली असती. एका शब्दावर जिला सगळं कळलं असतं आणि जी पोट धरून हसली असती, अशी एकच मुलगी होती. ती मागे राहिली होती, फोटो काढत.