बारा-डीचा कोरा फॉर्म

"गिलन-बारे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. रोगाशी लढणारी शरीराची ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते, तो हा आजार. आठवडाभर माझ्या तळपायांना मुंग्या येत होत्या, तिकडे मी लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी पलंगावरून उठताच येईना.

पाठीतलं पाणी तपासलं. नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली, म्हणजे बारीक झटके देऊन नसा किती काम करतात ते पाहिलं. पाच दिवस सलाईनमधून औषध दिलं. महिन्याभराने इंदिरानगरला घरी आले, ती व्हीलचेअरवर.

तेवढ्यात निवडणूक लागली. मी नुकतीच निवृत्त झालेली शिक्षिका. नोकरीभर निवडणुकीची ड्यूटी असायची, म्हणून मत टपालानेच दिलेलं. वाटलं, आता आजारी आहे तर तसंच देता येईल. मतदारयादीचं काम बघणाऱ्या अंगणवाडीच्या मंगलताईंना बोलावलं.

"बाई, घरून मतदान पंच्याऐंशीच्या पुढच्यांना," त्या म्हणाल्या. "नाहीतर चाळीस टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं. हा बारा-डीचा फॉर्म. अधिसूचना निघाली की पाच दिवसांत द्यायचा, बरं का."

मला एकोणसाठावं चालू. राहिलं सर्टिफिकेट. फॉर्म घेऊन आम्ही न्यूरोलॉजिस्टकडे गेलो, दोन तास बाकाशेजारी व्हीलचेअर लावून बसलो.

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय किंचित उडाला. ते हसले.

"सर्टिफिकेट कायमच्या अपंगत्वासाठी असतं. तुमच्या नसा भरून येताहेत. सर्टिफिकेट देणाऱ्या मेडिकल बोर्डाकडे कशाला पाठवू? तुम्ही चालणार आहात, मॅडम."

रिक्षात मी रडायला लागले. "अगं, एका मताचं काय एवढं," हे म्हणाले. त्यांना वाटलं, नकार मिळाला म्हणून रडते आहे.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर घरून मतदानाची चौकशी पहिल्याच दिवशी करा. नियमात बसत असेल तर खुशाल घ्या. नाही बसलं, तर केंद्रावर रॅम्प आणि व्हीलचेअर असते, रांगेत थांबवत नाहीत. हेही मंगलताईंनीच सांगितलं.

मी फिजिओथेरपिस्टला मतदानाची तारीख सांगून ठेवली. ती रोज दोन पावलं जास्त चालवून घ्यायची.

त्या दिवशी वॉकर धरून केंद्रात गेले. पुठ्ठ्याच्या आडोशामागे वॉकर सोडला, बटण दाबलं. बाहेर आले तर हे काळजीत.

"आत एवढा वेळ काय करत होतीस?"

"उभी होते," मी म्हटलं.